राहून गेलेली बोंब

लोक माझ्याकडे खुनाच्या आणि दरोड्याच्या गोष्टी मागतात. त्या मी सांगतोही. पण जी घटना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही, तिच्यात ना गुन्हा दाखल झाला, ना कुणाला अटक झाली, ना पंचनामा. एका पोरीच्या नोकरीचा प्रश्न होता आणि तो एका होळीपाशी येऊन अडकला होता. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. माणसं हयात आहेत. त्यातला एक म्हातारा तर असा आहे, की नाव छापलं नाही म्हणून रुसून बसेल. का ते पुढं कळेलच.

तेव्हा मी कर्जत-खालापूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो आणि निवृत्ती तोंडावर आली होती. आमच्या ठाण्याचं काम दोन तऱ्हेचं. सोमवार ते शुक्रवार गावकऱ्यांचं: कुणी बांध कोरला, कुणाची म्हैस कुणाच्या भातात शिरली, भावाभावांत हिश्श्यावरून डोकी फुटली. शनिवार-रविवार पाहुण्यांचं: कळंबच्या बाजूला रिसॉर्टात डीजे वाजतोय म्हणून तक्रार, दारू पिऊन नदीत उतरलेले, गाड्या आडव्या लावून भांडणारे. मोहोपाड्याच्या कारखान्यांत कामगारांचं काही पेटलं की बंदोबस्तालाही आमचीच माणसं. आणि ह्या सगळ्यातनं वेळ काढून टपाल निस्तरायचं. पासपोर्टचे अर्ज, परवाने आणि चारित्र्य पडताळणी.

सरकारी नोकरीत निवड झाली की नेमणुकीआधी उमेदवाराचा कागद त्याच्या हद्दीतल्या ठाण्यात येतो. ह्याच्यावर गुन्हा आहे का, वागणूक कशी आहे, एवढंच ठाण्यानं बघायचं असतं. बीट अंमलदार गावात जातो, चार घरी विचारतो, चहा पिऊन येतो आणि खाली शेरा पडतो, ‘काही प्रतिकूल नाही’. ह्या शेऱ्यावर घरंच्या घरं उभी राहिलेली मी बघितली आहेत. त्या वर्षी मात्र वरून नवीन सूचना आली. उमेदवार सोशल मीडियावर काय लिहितो, काय पसरवतो, सरकारबद्दल त्याचं मत काय, हेही बघा. सूचना तोंडी होती. तोंडी सूचनेचा एक मोठा गुण असतो, नंतर ती दिलीच नव्हती असं म्हणता येतं.

मला ते तेव्हाच पटलं नव्हतं आणि मी ते बैठकीत बोललोही होतो. माणूस काय करतो ते पोलिसानं बघावं. माणसाला काय वाटतं ते बघायला निघालात तर राज्यातल्या कोठड्या पुरायच्या नाहीत, कारण मला स्वतःलाच दिवसातनं चारदा सरकारबद्दल काहीबाही वाटायचं. बैठकीत हशा झाला आणि सूचना तशीच राहिली.

मग एके दिवशी त्या पोरीचा कागद आला. कडावच्या पुढच्या एका गावातली मुलगी, वनरक्षक म्हणून निवड झालेली. बाप म्हशी राखून दुधाचा धंदा करणारा. पोरगी कबड्डी खेळणारी, पहाटे कालव्याच्या कडेनं धावून धावून मैदानी चाचणीत पहिल्यांत आलेली. आधीच्या दोन भरत्यांत थोडक्यात हुकली होती आणि आता वयाची अट संपत आली होती. ही नोकरी गेली तर पुढची भरती तिच्यासाठी नव्हतीच.

कागदाच्या मागोमाग वरिष्ठ कार्यालयातून फोन आला आणि फोनच्या मागोमाग एक व्हिडिओ. अर्ध्या मिनिटाचाच असेल. अंधार, माणसांचे लालसर चेहरे, आणि मध्ये ही पोरगी तोंडावर हात घेऊन मंत्र्यांच्या नावानं बोंब मारतेय. मागं गाव ओरडतंय. मग कालव्याचं पाणी सोडणाऱ्या साहेबांच्या नावानं बोंब. आणि शेवटी गर्दीतून एक आवाज, ‘जाळा रं, जाळा!’ तिथं व्हिडिओ तुटतो. वरून आलेला मजकूर असा की उमेदवारानं शासनाविरुद्ध जमावाला चिथावणी दिली आणि त्याचं चित्रण स्वतः प्रसारित केलं. सोबत तिच्या खात्यावरची एक पोस्टही होती. तिच्यात तिनं लिहिलं होतं, ‘कालव्याला पाणी नाही. उन्हाळी भात वाळला. मंत्री आले, फीत कापून गेले. पाणी नाही तर मत नाही.’

वरिष्ठांचा सूर गोड होता. म्हणाले, पाहून घ्या, प्रतिकूल शेरा मारून पाठवून द्या, विषय संपवा. मी म्हटलं, पाहून घेतो. शेऱ्याचं कबूल केलं नाही.

गोपनीय शाखेचं काम बघणारा माझा हवालदार ह्याच भागातला. त्यानं व्हिडिओ एकदा बघितला आणि हसायलाच लागला. म्हणाला, साहेब, ही तर शिमग्याची बोंब आहे. मीही कोकणातलाच, मलाही ते पहिल्या नजरेत कळलं होतं. पण आपल्याला कळणं वेगळं आणि कागदावर येणं वेगळं. व्हिडिओत होळी कुठंच दिसत नव्हती. नुसता उजेड दिसत होता, आणि उजेड काय, पेटवलेल्या एसटीचाही असाच पडतो.

आणि दुसरा प्रश्न होता तो मला जास्त महत्त्वाचा वाटला. हे चित्रण केलं कुणी? बोंब मारायला माणूस एक हात तोंडावर धरतो आणि दुसऱ्या हातानं गर्दीला चेतवतो. त्या पोरीचे दोन्ही हात व्हिडिओत दिसत होते. म्हणजे मोबाइल तिच्या हातात नव्हता. तिनं स्वतः प्रसारित केलं हे वाक्य तिथंच लंगडं झालं.

मी पोरीला ठाण्यात बोलावलं. बाप सोबत आला. ठाण्याची पायरी त्या घरातल्या कुणी चढली नव्हती, त्यामुळं बापाचं तोंड एवढंसं झालेलं. पोरगी मात्र सरळ उभी. महिला अंमलदाराला बसवून मी विचारायला सुरुवात केली. अनुभवानं सांगतो, खोटं बोलणारा माणूस प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. ही थांबून, आठवून बोलत होती.

बोंब तिनं मारली होती का? मारली होती. गावची पोरं मोहोपाड्याला दुसऱ्या पाळीला गेलेली, पुढं व्हायला खणखणीत आवाजाचं कुणी नव्हतं, म्हणून बायकांनीच तिला पुढं ढकललं. पोरीनं बोंब पुकारायची गावातली ती पहिलीच वेळ. व्हिडिओ तिनं टाकला का? नाही, तिनं तो ठाण्यात पहिल्यांदाच बघितला. आणि पोस्ट? पोस्ट तिचीच, तिनंच लिहिलेली.

मग मी वरून आलेला प्रश्न शब्दाला शब्द विचारला, शासनाबद्दल तुझं हेच मत आहे का? बापानं तिच्या दंडाला चिमटा काढलेला मला टेबलाच्या ह्या बाजूनंही दिसला.

ती म्हणाली, “साहेब, त्या दिवशी पाणी नव्हतं. म्हणून तसं लिहिलं. पाणी आलं असतं तर पाणी आलं असंही लिहिलं असतं.”

मी तिला घरी पाठवलं आणि जीप काढली. हाताच्या कांकणाला आरसा कशाला? कडावच्या पुढं गाडी थांबवून कालव्यात डोकावलो. तळाला भेगा पडलेल्या. बाजूच्या खाचरांतलं भात गुडघ्याएवढं होऊन जागच्या जागी पिवळं पडलेलं. एका बाईनं ते कापून म्हशीला टाकायला घेतलं होतं. तिनं माझी वर्दी बघून पदर सावरला आणि पाणी कधी सुटणार ते विचारलं. मी कोरड्या कालव्याकडं बघून जीपमध्ये बसलो.

हवालदाराचा संशय सरळ होता. भरतीत मागं पडलेल्या कुणीतरी जळफळाटानं हे केलं असणार. तसा एक तरुण गावात होताही. पण तो व्हिडिओतच सापडला, पोरीच्या मागं उभा राहून तिच्याहून मोठ्यानं बोंबलत होता. तो सुटला. मग आम्ही ते अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा बघितलं. हळूहळू लक्षात आलं की चित्रण वरून खाली घेतलंय आणि लांबून. चौकटीच्या डाव्या अंगाला लाकडी खांबाची एक कड सतत दिसतेय. म्हणजे काढणारा होळीपाशी नव्हताच. तो कुठल्यातरी उंच ओटीवर बसला होता.

आता विचार करा. होळीच्या दिवशी, दिवेलागणीला, होम पेटलेला असताना सगळा गाव मैदानात असतो. आजारी माणसाला खाटेसकट आणतात. अशा वेळी आपल्या ओटीवर कोण बसतं? मी हवालदाराला एवढंच विचारलं की ह्या वर्षात गावात कुणाचं घर दुःखाचं आहे. ज्या घरात मयत झालंय ते घर वर्षभर सण करत नाही, होमाला जात नाही. हवालदारानं मांडीवर थाप मारली. माजी सरपंच. बायको दिवाळीनंतर गेली होती, आणि घर मैदानाच्या वरच्या अंगाला.

हवालदाराला घेऊन मी साध्या कपड्यात गेलो. वर्दीला म्हातारी माणसं पाणी देतात, साध्या कपड्याला चहा देतात, आणि बोलणं चहावर होतं. माजी सरपंच म्हणजे गावाचे दादा. शिडशिडीत, तिखट जिभेचे, एकेकाळी तालुक्याच्या सभेत भल्याभल्यांना गप्प करणारे. ओटीवर बसल्या बसल्या मी खांब ओळखला. समोर मैदान होतं आणि होळीची काळी जागा अजून दिसत होती.

इकडचं तिकडचं झाल्यावर मी सरळच विचारलं, की होळीचा व्हिडिओ तुम्हीच काढला ना? मला वाटलं म्हातारा उडवून लावेल. त्यांनी कोनाड्यातला मोबाइल काढला आणि माझ्या हातात दिला.

“मीच काढला. पुरता बघा, सायेब. बघा आनि मला सांगा.”

मी पुरता बघितला. वरून आलेलं अर्धं मिनिट म्हणजे त्यातला मधला तुकडा. पुऱ्या चित्रणात होम धडधडून पेटलेला दिसत होता, नारळ वाहणाऱ्या बायका दिसत होत्या, आणि ‘जाळा रं, जाळा’ म्हणणारा माणूस वाळकी फांदी ओढत आणून होळीत टाकताना दिसत होता. बोंबाही एकट्या सरकारच्या नव्हत्या. पोरीनं आताच्या सरपंचाला सोडलं नव्हतं, रेशन दुकानदाराला नाही, डेअरीत दुधाला फॅट कमी लावणाऱ्याला नाही, स्वतःच्या बापालाही नाही. आणि मध्येच आमच्या ठाण्याच्या नावानंही एक लांबलचक बोंब होती. ती ऐकून हवालदारानं माझ्याकडं बघितलं, मी मोबाइलकडं. गुन्ह्याचा मुद्दा तिथंच निकालात निघाला होता. पण म्हातारा माझ्या तोंडाकडं टक लावून बसला होता.

“बघितलं? सगल्यांची नावं हायेत. माजं हाय का?”

मी पुन्हा बघितलं. नव्हतं.

मग तो माणूस बोलायला लागला. सरपंच झाल्यापासून होळीची पहिली बोंब त्यांच्या नावाची. सरपंचपद गेलं तरी बोंब राहिली. ज्याच्या नावानं गाव बोंब मारतं तो गावाचा, ही इथली रीत. शिवी घालतात ती घरच्याला, परक्याला कोण विचारतं? बोंब फक्त दोघांच्या नावानं होत नाही, जो गावाचा नाही त्याच्या आणि जो मेलाय त्याच्या. बायको गेल्यावर त्यांना त्या दिवशी खाली जाता येत नव्हतं. घर रिकामं. म्हटलं, इथूनच आपलं नाव ऐकू, मोबाइलात धरून ठेवू, नंतरही ऐकता येईल. आणि मोबाइल धरून हात दुखला तरी नाव आलं नाही.

“पोरीनं मला मेलेल्यांत धरलं, सायेब. मी हितं जित्ता बसलेला.”

रागाच्या भरात त्यांनी दुसऱ्या दिवशी व्हिडिओ तालुक्यातल्या ओळखीच्या एका कार्यकर्त्याला पाठवला. पोरी बघा कशा बोलायला लागल्यात, जरा समज द्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसं उचललं बोट आणि लावलं मोबाइलला. त्या कार्यकर्त्यानं आपल्या नेत्याला खूष करायला होळी कापून काढली, मंत्र्यांची बोंब ठेवली, पोरीचं नाव जोडलं आणि वर सरकवलं. शिमगा सरला तरी कवित्व उरतं म्हणतात ते असं. नोकरीचा कागद अडकलाय हे दादांना माहीतही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा ते ओटीवरून उठून आत गेले आणि बऱ्याच वेळानं तोंड धुऊन बाहेर आले.

मी पोरीला तिथंच बोलावून घेतलं. घर चार उंबरे पलीकडंच होतं. ती आली आणि पायरीशी उभी राहिली. मी म्हटलं, दादांचं नाव का घेतलं नाहीस ते त्यांनाच सांग.

ती गोंधळली. तिला वाटलं होतं ते सगळ्यांनाच कळलं असेल. म्हणाली, “दादा, काकी गेल्या. दुःखाच्या घरावर बोंब कशी मारायची? जिभेवर आलं होतं तुमचं नाव. गिळलं.”

नोकरीत मी रडणारी माणसं पुष्कळ बघितली, त्यातली निम्मी मला दाखवायला रडायची. हा माणूस रडला नाही. त्यानं फक्त हात लांब केला आणि ती वर आली तेव्हा तिच्या डोक्यावर ठेवला.

“मारायची व्हतीस गं पोरी. त्या दिवशी तर मारायलाच पायजे व्हतीस.”

दुसऱ्या दिवशी दादा धुतलेली टोपी घालून ठाण्यात हजर. व्हिडिओ मी काढला, पोरीनं नाही, तो होळीचा आहे, अर्धा कापलेला आहे, पुरता हा घ्या. रीतसर जबाब नोंदवला, वाचून दाखवला. सही करायच्या आधी त्यांनी ठाणे अंमलदाराला विचारलं, की माझं नाव नीट लिहिलंय ना. आम्ही हसलो, तेही हसले. पण नाव मात्र त्यांनी बोट ठेवून तपासून घेतलं.

आता वाचकाला वाटेल की विषय संपला. मलाही घटकाभर तसंच वाटलं. मी वरिष्ठांना फोन करून सगळी हकिकत सांगितली. ते मनापासून हसले आणि म्हणाले, उत्तम, मग असं करा, होळीची गंमत होती असं लिहा आणि त्या पोस्टबद्दल तिचा माफीनामा जोडा, मी पुढं पाठवतो. म्हणजे बोंब सुटली होती, पोस्ट अडकली होती. बोंबेला होळी होती, पोस्टला काहीच नव्हतं. ते तिचं साधं, शुद्धीवर असताना लिहिलेलं मत होतं.

माफीनाम्याचा निरोप मिळताच बाप त्याच संध्याकाळी पोरीला घेऊन आला. कुठं सही करायची ते दाखवा म्हणाला. पोस्ट पुसून टाकते, खातंच बंद करते, कान धरते, काय म्हणाल ते. त्याचं काही चुकत नव्हतं. दोन म्हशी विकून पोरीला शिकवणीला घातलं होतं त्यानं. मी कोरा कागद पुढं ठेवला. पोरीनं पेन हातात घेतलं, टोपण काढलं, परत लावलं.

मग ती म्हणाली, “साहेब, बोंबेची माफी मागते. मोठ्या माणसांची नावं घेतली, मागते. पण पाण्याचं लिहिलंय त्याची माफी मागितली तर पाणी आलं होतं असं होईल.”

बाप कपाळावर हात मारून बाकावर बसला. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं, पण पेन तिनं खाली ठेवलेलं होतं. नोकरी आपल्याच हातानं जातेय हे तिला पुरतं कळत होतं. माझ्या साऱ्या नोकरीत जबाब देताना इतकं खरं वाक्य कुणी बोललं नव्हतं. मी तो कोरा कागद उचलला आणि ड्रॉवरमध्ये टाकला. बापाला म्हटलं, घरी जा, म्हशी दूध काढायच्या खोळंबल्या असतील, सही आता मला करायची आहे.

अहवाल मी स्वतः लिहिला. लेखनिकाला दिला नाही. व्हिडिओचं सगळं मांडलं, जबाब जोडला. पोस्टबद्दल लिहिलं की सदर मजकूर उमेदवाराचाच आहे, त्यात नमूद केलेली पाण्याची परिस्थिती मी समक्ष पाहिली असून ती खरी आहे, मजकुरात धमकी नाही, चिथावणी नाही, मत आहे, आणि मत बाळगणे हा कुठल्याही कलमाखाली गुन्हा नाही. शेरा मारला, काही प्रतिकूल नाही. माफीनामा जोडला नाही.

अपेक्षेप्रमाणं जिल्ह्याला बोलावणं आलं. वरिष्ठ माणूस वाईट नव्हता. वयानं माझ्याहून लहान, हुशार, पण वरून काय येईल ह्या काळजीत जगणारा. मला बसवलं, चहा मागवला. म्हणाले, अहो, निवृत्तीला थोडे दिवस राहिले, कशाला अंगावर ओढून घेता? उद्या हीच मुलगी खात्याच्या गणवेशात सरकारविरुद्ध काही बोलली तर?

मी म्हटलं, गणवेश घातल्यावर वर्तणुकीचे नियम लागू होतात, मोडले तर त्यांचं खातं बघेल. गणवेश घालायच्या आधी ती नागरिक होती, आणि नागरिकानं मंत्र्याला कालव्याचं पाणी विचारलं. मग मी पुरत्या व्हिडिओतला आमच्या ठाण्याच्या बोंबेचा भाग त्यांना ऐकवला.

“सर, ह्यात माझीच लाज काढलीय. मी काही तिच्यावर शेरा मारला नाही. मंत्रीसाहेबांची कातडी माझ्यापेक्षा पातळ आहे असं मी लिहू का?”

त्यांनी मोबाइल माझ्याकडं परत सरकवला. मग म्हणाले, जबाबदारी तुमची. मी म्हटलं, सही माझीच आहे. त्यांनी अहवाल पुढं पाठवला, एवढं श्रेय त्यांना दिलंच पाहिजे. सरकारी काम आणि सहा महिने थांब, तसं थोडं लांबलं, पण पोरीला नेमणूक मिळाली. पेढे घेऊन बाप आला तेव्हा मी निरोप समारंभाच्या हारात होतो.

पुढच्या होळीला दादांचं बोलावणं आलं. मी कर्जतलाच राहतो, गेलो. दादांचं दुःखाचं वर्ष संपलं होतं, ते मैदानात खुर्ची टाकून पुढं बसलेले. कालव्याला त्या वर्षी पाणी होतं, कुणामुळं ते देव जाणे. पोरगी रजा घेऊन आलेली, पण बोंब पुकारायला उठली नाही. आता तिला नियम होते, आणि ती नियम पाळणारी आहे. पुकारायला दुसरी एक मुलगी उभी राहिली. होम पेटला आणि पहिली बोंब दादांच्या नावाची झाली. म्हाताऱ्यानं खुर्चीवरूनच टोपी काढून गावाला नमस्कार केला, सत्कार झाल्यासारखा.

मग सरपंच, मग डेअरीवाला, मग मंत्री. आणि मग खणखणीत आवाज आला, ‘फॉरेस्टवाल्या बाईच्या नावानं…’ आणि सगळा गाव तिच्याकडं तोंड करून बोंबलला. सरपणाची मोळी अडवणारी आता तीच होती ना! पोरगी हसता हसता रडायला लागली. बाप सगळ्यांत जोरात बोंबलत होता.

त्यानंतर आमच्या ठाण्याची पाळी आली. मी नकळत सरसावून उभा राहिलो. खोटं कशाला बोलू, कान टवकारले. बोंब झाली ती माझ्या खुर्चीवर आलेल्या नव्या साहेबांच्या नावाची. पुढची रेशन दुकानदाराची. माझं नाव आलंच नाही. आणि मला, अख्खी नोकरी लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाला, ते झोंबलं. त्या क्षणी ओटीवर मोबाइल धरून बसलेला तो म्हातारा मला पुरता कळला.

नोकरीत असताना मला वाटायचं, लोक सरकारला शिव्या देतात म्हणजे सरकार त्यांना नको असतं. तसं नाही. ज्याच्याकडून काही अपेक्षा आहे त्याच्याच नावानं माणूस ओरडतो. जो अधिकारी हा आवाज बंद करायला निघतो तो स्वतःचंच नाव गावातून खोडत असतो, फक्त त्याला ते खुर्चीवरून उतरेपर्यंत कळत नाही. मला ते कळलं, आणि बरंच झालं कळलं.

दादांनी माझं तोंड वाचलं असावं. खुर्ची ओढून जवळ आले आणि हळूच म्हणाले, “सायेब, वाईट वाटून घेऊ नका. तुमी आता खुर्चीवर नाय, नि आमच्या गावचेबी नाय. हितं घर बांधा. मग बघा कशी मारतो तुमच्या नावानं.”

त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात मी त्या गावात जागा बघायला गेलो.